केराची बादली कोणाच्या हातात?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते शाळेच्या आवाराचा केर स्वतः काढत, असे त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात. म्हणून ‘पर्यावरणस्नेही घर आणि अंगण’ हा विषय संयोजकांनी सुचवला तेव्हा मी तो आनंदाने स्वीकारला. या विषयावर यादी वाचून दाखवणे सोपे आहे. दिवे बंद करा, नळ गळू देऊ नका, बाजारात जाताना कापडी पिशवी न्या. हे सगळे खरे आहे आणि इथे बसलेल्या प्रत्येकाला पाठ आहे. मग माहीत असूनही सवय का लागत नाही?

गेली कित्येक वर्षे मी घरोघरी जाऊन ओल्या कचऱ्याचे खत करायला शिकवते. त्या कामात माझे एक मत पक्के होत गेले आहे. अडचण माहितीची नाही, हाताची आहे. आपल्या घाणीला हात कोणी लावायचा, हे आपल्या समाजाने फार पूर्वी ठरवून टाकले आहे. काही जातींनी लावायचा, आणि घराच्या आत बायकांनी लावायचा. हे ठरलेले मोडत नाही तोवर घरातली कुठलीही चांगली सवय उत्साहाचे पहिले चार दिवस सरले की बंद पडते. आज मला याच अंगाने बोलायचे आहे.

सुरुवात अप्पासाहेब पटवर्धनांपासून करते. कोकणगांधी म्हणून आपण त्यांना ओळखतो. १९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तुरुंगातले मैला साफ करण्याचे काम आपल्याला द्यावे, अशी त्यांनी मागणी केली. ती नाकारली गेली, कारण उच्चवर्णीय कैद्याला ते काम देण्याची पद्धत नव्हती. अप्पांनी अन्न सोडायला सुरुवात केली. ही बातमी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींना कळली आणि डिसेंबर महिन्यात त्यांनीही अप्पांच्या मागणीसाठी उपवास आरंभला. एका माणसाला संडास साफ करण्याचा हक्क मिळावा म्हणून दोन तुरुंगांत दोन माणसे उपाशी राहिली. पर्यावरण हा शब्द तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हता. पण माझ्या दृष्टीने आजच्या विषयाचे मूळ तिथेच आहे.

कारण अप्पा तुरुंगातून सुटल्यावर थांबले नाहीत. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचे खत करण्याचे, त्यापासून गॅस मिळवण्याचे, मेलेल्या जनावरांचे कातडे कमावण्याचे प्रयोग केले. ज्याला हात लावणे म्हणजे बाटणे, त्याच वस्तूतून शेताला अन्न आणि चुलीला इंधन मिळते, हे त्यांनी करून दाखवले. पुढे देहू गावात सरकारी डॉक्टर म्हणून आलेल्या डॉ. मापुसकरांनी संडासाला जोडलेल्या बायोगॅस संयंत्राचे काम आयुष्यभर केले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. दोघांनीही माणसाला घाणीपासून पळून जायला शिकवले नाही. घाणीजवळ बसून तिचे काय होते ते त्यांनी पाहिले.

आता काही श्रोत्यांच्या मनात येईल की पूर्वीची घरे तर पर्यावरणस्नेहीच होती. परसात केळ, अळू, कर्दळ असे. मोरीचे पाणी तिकडे जाई. भाजीची देठे गाईपुढे पडत, राख भांड्यांना लागे, उरलेले उकिरड्यात जाऊन शेतात परत येई. हे खरे आहे, आणि त्यातले बरेच आपण परत आणले पाहिजे. पण त्याच वाड्याच्या मागे एक अरुंद बोळ असे. टोपलीचे संडास साफ करणारी बाई त्या बोळातून येई आणि बोळातूनच जाई. तिचा चेहरा घरातल्यांना दिसू नये, अशीच रचना होती. परस हिरवा होता तो तिच्या डोक्यावरच्या टोपलीच्या आधाराने. म्हणून जुन्या घराचे गोडवे गाताना मी नेहमी त्या बोळापाशी थांबते. केळीचे परस हवे, बोळ नको. आजच्या घराला हे दोन्ही एका वेळी जमवायचे आहे.

बोळ गेला असे आपल्याला वाटते. तो लांब झाला, एवढेच. पुण्याचा बोळ उरुळी देवाची आणि फुरसुंगीपर्यंत गेला. शहराचा कचरा वर्षानुवर्षे त्या गावांच्या उशाशी साठला, विहिरींचे पाणी बिघडले, आणि २०१७ च्या उन्हाळ्यात तिथल्या कचरा डेपोला आग लागल्यावर गावकऱ्यांनी जवळपास तीन आठवडे गाड्या आत येऊ दिल्या नाहीत. तेव्हा पुण्याच्या रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग दिसले. खरे तर ते ढीग रोजचेच होते. फक्त त्या तीन आठवड्यांत ते त्यांच्या मालकांच्या दारात राहिले. मुंबईचे देवनार १९२७ पासून कचरा गिळते आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहांच्या छायाचित्रांत दिसला.

ही आग कशाने पेटते? आपल्या शहरांच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास वजन ओल्या कचऱ्याचे असते. उरलेला भात, साली, चहाचा चोथा. हा कचरा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ढिगाखाली गाडला की त्याला हवा मिळत नाही. हवेवाचून तो कुजतो तेव्हा मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो, आणि तो ज्वलनशीलही आहे. तीच साल अंगणातल्या खड्ड्यात पानांसोबत पडली तर मिथेन जवळजवळ होत नाही, माती होते. म्हणजे सालीचा दोष नाही. ती कुठे जाते आणि कशासोबत जाते, यावर सगळे अवलंबून आहे.

आणि त्या पिशवीची गाठ कोणीतरी सोडतेच. पुण्यात कचरावेचकांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, १९९३ मध्ये उभी राहिली. डॉ. बाबा आढावांसारख्या नेत्याचा तिला आधार होता आणि एसएनडीटी विद्यापीठातल्या प्राध्यापिकांनी कचरापेटीपासून उकिरड्यापर्यंत या बायकांबरोबर फिरून ती बांधली. त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली आणि २००८ पासून महापालिकेशी करार करून या बायका दारोदार कचरा गोळा करू लागल्या. कचरापेटीत हात घालणारी बाई दारावर आली, नावाने ओळखली जाऊ लागली. माझ्या मते गेल्या काही दशकांत महाराष्ट्रातल्या शहरांमध्ये झालेले हे सर्वांत मोठे पर्यावरणाचे काम आहे, आणि ते मजुरांच्या संघटनेने केले आहे.

याच बायकांनी लाल ठिपक्याची मोहीम चालवली. वापरलेला सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळावा आणि वर लाल ठिपका काढावा, म्हणजे हाताने वर्गीकरण करणारीला तो उघडून पाहावा लागणार नाही. एवढीच मागणी. स्केच पेनने एक ठिपका काढायला दोन क्षण लागतात. २०१६ च्या घनकचरा नियमांतही असा कचरा नीट गुंडाळून द्यावा असे सांगितले होते. तरी आपल्यातल्या किती घरांत हे होते? घरात सौर दिवे लावले, बांबूचे ब्रश आणले आणि पॅड तसाच डब्यात टाकला, तर त्या घराला मी पर्यावरणस्नेही म्हणणार नाही.

आता खताकडे येते. इथे थोडे सविस्तर बोलेन, कारण लोक सोडून देतात ते इथेच.

चार माणसांच्या घरातला ओला कचरा दिवसाला साधारण अर्धा ते एक किलो असतो आणि त्यात बहुतेक पाणीच असते. खत करणारे जीवाणू आपल्या आधीपासून तिथे असतात. त्यांना चार गोष्टी लागतात. ओलावा, हवा, नत्र आणि कर्ब. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात नत्र आणि पाणी भरपूर, कर्ब कमी. सुक्या पानांत कर्ब भरपूर. कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण पंचवीस-तीसास एक असे असले की काम वेगाने होते. हे मोजत बसायची गरज नाही. एक भांडे ओला कचरा टाकला की त्यावर तेवढाच किंवा थोडा जास्त चुरलेला पाचोळा टाकायचा. बादलीला बाजूने भोके हवीत आणि तळाला नारळाच्या शेंड्यांचा थर हवा. पहिल्यांदा सुरू करताना शेजारणीकडून दोन मुठी तयार खत मागून आणायचे. दुधाला विरजण लागते तसे.

वास आला की लोक झाकण घट्ट लावतात आणि मग सगळेच बिघडते. वास हे हवा नसल्याचे लक्षण आहे. झाकण काढा, काठीने हलवा, पाचोळा वाढवा. दोन दिवसांत वास जातो. मुंग्या आल्या तर खत कोरडे पडले आहे, पाण्याचा हबका मारा. सगळ्यात मोठी धास्ती असते ती अळ्यांची. पावसाळ्यात बादलीत मळकट पांढऱ्या, जाड अळ्या वळवळू लागतात आणि घरातले कोणीतरी बादली फेकून देते. या बहुतेक वेळा ब्लॅक सोल्जर नावाच्या माशीच्या अळ्या असतात. त्या कचरा भराभर खातात आणि पूर्ण वाढल्या की आपणहून बाहेर पडतात. मोठी झालेली माशी चावत नाही, आपल्या ताटावर बसायला येत नाही, तिला खाण्यात रसच नसतो. अळी दिसली म्हणजे काम नीट चालले आहे. एवढे एक वाक्य वेळेवर कानावर पडले असते, तर कितीतरी बादल्या वाचल्या असत्या.

दोन-तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येणारे खत मिळते. मग प्रश्न येतो, त्याचे करायचे काय? याचे उत्तर कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांनी देऊन ठेवले आहे. ते गणिताचे प्राध्यापक. ‘प्रयोग परिवार’ नावाचे शेतकऱ्यांचे जाळे त्यांनी विणले आणि ‘विपुलाच सृष्टी’ हे पुस्तक लिहिले. पानावर पडणारे ऊन हेच घराचे उत्पन्न, असा त्यांचा हिशेब होता. उसाची चिपाडे, पालापाचोळा, घरचा ओला कचरा आणि फार थोडी माती यांवर गच्चीत भाजी पिकते, हे त्यांच्या वाटेने जाणाऱ्यांनी मुंबईतही दाखवून दिले. गॅलरीत दोन तास ऊन येत असेल तर पुदिना, अळू. चार-पाच तास येत असेल तर मिरची, वांगी, दोडका.

मात्र एक विचारते. तुमच्या घरात ती बादली कोण हलवते? मी शिकवायला जाते तेव्हा समोर बहुधा बायकाच बसलेल्या असतात. स्वयंपाक त्यांचा, निवडणे-टिपणे त्यांचे, भांडी त्यांची, आणि आता पृथ्वी वाचवण्याचे कामही त्यांच्याच माथी. कापडी पिशव्या धुणे, दुधाच्या पिशव्या सुकवणे, प्लॅस्टिक वेगळे ठेवणे, ही सगळी कामे दिवसाच्या शेवटी एकीच्याच अंगावर पडतात. मग ती कंटाळते, आणि घर म्हणते, आमच्याकडे हे जमत नाही. जिथे सवय टिकली आहे ती घरे मी पाहिली आहेत. तिथे आजोबा पाचोळा चुरतात, मुलगा बादली हलवतो, आणि सुनेला ‘खताकडे बघ गं’ असे कोणी सांगत नाही. बादलीपेक्षा ही वाटणी आधी ठरवा.

पानांबद्दल वेगळे सांगायला हवे. पानगळीच्या दिवसांत सकाळी सकाळी सगळीकडे पाने जाळली जातात. त्या धुरातले बारीक कण फुफ्फुसात खोलवर जातात, आणि तो धूर पहिला गिळते ती झाडलोट करणारीच. एका बाजूला खतासाठी पाचोळा मिळत नाही म्हणून लोक कोकोपीट विकत घेतात, दुसऱ्या बाजूला रस्त्यावर पोतीच्या पोती जळतात. पुण्यात ‘ब्राऊन लीफ’ नावाच्या गटाने ज्यांच्याकडे पाने आहेत त्यांची आणि ज्यांना पाने हवी आहेत त्यांची गाठ घालून दिली. याला खर्च जवळपास नाहीच. अंगणात झाड असेल तर त्याहून सोपे: पाने आळ्यातच पसरा. आच्छादनाखाली उन्हाळ्यात माती ओलसर राहते आणि पाणी कमी वेळा घालावे लागते.

पाण्याचेही सूत्र तेच, दारातले दारात. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावात घराघरापुढे शोषखड्डे झाले, मोरीचे पाणी गटाराऐवजी जमिनीत जाऊ लागले आणि डासांना वाढायला डबकीच उरली नाहीत. खड्ड्याची करामत साधी होती. त्यामागे गावाने एकत्र येऊन फावडे हातात घेतले होते, हे विसरू नये. शहरात गणित निराळे नाही. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. पुण्यात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे १०० चौरस मीटर गच्चीवर ७० हजार लिटर. थोडे उडून, सांडून गेले तरी पन्नास हजार लिटर जमिनीत मुरवता येते. ते आपण पाइपाने रस्त्यावर सोडतो, रस्ता तुंबतो, आणि मे महिन्यात टँकर मागवतो.

आणि त्यात भर म्हणून अंगणात फरशी. चिखल नको, पाने नकोत, गाडी लावायला जागा हवी, म्हणून झाडाच्या बुंध्यापर्यंत सिमेंटचे ठोकळे बसवले जातात. मुळांना हवा मिळत नाही, पाणी मिळत नाही, आणि वादळात ते झाड पडले की झाडच धोकादायक ठरते. झाडाभोवती किमान चार फुटांची माती मोकळी ठेवा, एवढा आग्रह सोसायटीच्या सभेत धरावा. थोडे जंगल अंगणात येऊ द्यावे. २०१५ मध्ये महाराष्ट्राने नीलवंत, म्हणजे ब्लू मॉरमॉन, हे राज्य फुलपाखरू जाहीर केले. त्याची अळी लिंबाच्या कुळातल्या झाडांची पाने खाते. कुंडीतल्या लिंबावर अळी दिसली की आपण फवारणी करतो आणि मग फुलपाखरे कुठे गेली म्हणून हळहळतो. लिंबाची दहा पाने गेली तर जाऊ द्यावीत.

विजेबद्दल थोडक्यात. जुना छताचा पंखा ७५ वॅट घेतो, नवा बीएलडीसी पंखा साधारण ३० वॅट. आपल्या हवेत पंखा दिवसाचे दहा-बारा तास चालतो, त्यामुळे घरात पहिला पैसा खर्च करायचा तो इथे. डाळ-तांदूळ तासभर भिजवून कुकरला लावले की गॅस वाचतो. बाकी सारे तुम्हाला माहीत आहे.

शेवटी सोसायट्यांविषयी. आज आपल्यातले बहुतेक जण फ्लॅटमध्ये राहतात. २०१६ च्या नियमांनी पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या वसाहतींवर आपला ओला कचरा आवारातच जिरवण्याची जबाबदारी टाकली. अनेक ठिकाणी मालमत्ता करात सवलतही मिळते. खड्डे बांधले जातात, फोटो निघतो, सवलत मिळते आणि वर्षभरात खड्ड्यात फुटक्या कुंड्या साठतात. कारण प्रत्येक वेळी एकच असते. लिफ्टच्या देखभालीला पैसे आहेत, दारावरच्या पहारेकऱ्याला आहेत, खत करणाऱ्या माणसाला नाहीत. ते काम झाडूवाल्या मावशींना ‘जाता जाता करा’ म्हणून सांगितले जाते, तेही त्याच पगारात. वेंगुर्ल्यात रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना नगरपरिषदेने कचऱ्याचे दारातच वर्गीकरण करून डंपिंग ग्राउंडच्या जागी बाग उभी केली. तिथे हे काम कोणाच्याही जाता जाता झाले नाही. त्यासाठी माणसे होती, वेळ ठरलेली होती आणि वरिष्ठ अधिकारी स्वतः त्यात उभे होते.

म्हणून सोसायटीच्या पुढच्या वार्षिक सभेत तीन ठराव मांडा. खताच्या कामाचा वेगळा पगार, आठवड्याची सुट्टी, आणि हातमोज्यांसह हातपाय धुवायला साबण-पाण्याची जागा. त्याचबरोबर दर रविवारी एका फ्लॅटची पाळी: त्या घरातल्या मोठ्या माणसाने तासभर खड्ड्यापाशी उभे राहायचे आणि स्वतः फावडे मारायचे. पैसे देऊन या पाळीतून सुटका मिळणार नाही, असेही ठरावात लिहा. ज्याने एकदा प्लॅस्टिकची पिशवी खतातून ओढून काढली आहे, तो पुन्हा ओल्या कचऱ्यात पिशवी टाकत नाही, हे मी अनेक सोसायट्यांत पाहिले आहे. पाळीचे वेळापत्रक जिन्यापाशी लावा आणि पहिले नाव अध्यक्षांचे असू द्या.

पानगळ आता सुरूच होते आहे. पाचोळा साठवायला लोखंडी जाळीचा एक गोल पिंजरा पुरतो. आठ-दहा फूट जाळी, चार बांबू आणि बांधायला सुतळी. कार्यकर्त्यांनी तसा एक या सभागृहाच्या मागच्या अंगणात उभा केला आहे आणि त्यात गेल्या पावसाळ्यापासून पाने पडत आली आहेत. तळाशी तयार खत आहे. प्रश्नोत्तरे आपण तिकडेच करू. ज्यांना बादली सुरू करायची आहे त्यांनी विरजणापुरते खत घेऊन जावे. पिशव्या ठेवलेल्या नाहीत, ओंजळीत किंवा रुमालात घ्यावे लागेल.